फोटो काढायला शिकताना

आमच्या जुन्या शाळेचा एकच फोटो आमच्याकडे आहे. दोन कौलारू खोल्या, पुढे वडाचा पार, आणि पारावर बसलेली बेचाळीस मुले. ती कौले उतरली, पार गेला, वडही गेला. राहिला तो हा फोटो. पण त्यात एकाही मुलाचे तोंड ओळखू येत नाही. सगळी तोंडे काळी ठिक्कर!

फोटो आम्हीच काढला होता, मागून आणलेल्या कॅमेऱ्याने. सकाळची वेळ होती. मुलांच्या पाठीमागे सूर्य वर येत होता. ते दृश्य आम्हाला फार छान वाटले, म्हणून मुलांना तसेच बसवले. पुढे पनवेलच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याला आम्ही तो फोटो दाखवला. तो हसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मुलांचा फोटो काढलाच नाही. तुम्ही सूर्याचा काढलात!"

त्या दिवसापासून आम्ही फोटोचे काम जाणत्या माणसांना विचारून शिकत आलो. आता मोबाइलमुळे घरोघरी कॅमेरा आहे. तुमच्याही हातात तो असेल. तेव्हा शिकलेले थोडे तुम्हाला सांगतो.

आधी कॅमेरा म्हणजे काय ते पाहा. भर दुपारी घराची दारे-खिडक्या गच्च बंद करा. दाराला किंवा खिडकीला एक बारीक भोक राहू द्या. बाहेर लख्ख ऊन हवे. थोडा वेळ अंधारात बसा. समोरच्या भिंतीवर बाहेरचे झाड, रस्ता, जाणारी माणसे अंधूक दिसू लागतील, तीही उलटी! डोके खाली, पाय वर. असे का? उजेड सरळ रेषेत चालतो. झाडाच्या शेंड्यावरून आलेला उजेड भोकातून सरळ खाली उतरतो, आणि बुंध्याजवळचा वर चढतो. कॅमेरा म्हणजे अशीच एक अंधारी खोली, फक्त मुठीत मावणारी. भोकाच्या जागी भिंग असते. भिंतीच्या जागी पूर्वी रसायन लावलेली फिल्म असे, आता उजेड ओळखणारा एक लहान तुकडा असतो.

या खोलीचे दार क्षणभर उघडते आणि मिटते. उन्हात ते सेकंदाचा पाचशेवा भाग उघडले तरी पुरते. दिव्याच्या उजेडात मात्र बराच जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. तेवढ्यात हात हलला की फोटोही हलतो. रात्रीचे फोटो पुसट येतात ते याचमुळे. म्हणून दोन्ही कोपर बरगड्यांना टेकवा, खांबाला पाठ लावा, श्वास क्षणभर धरा आणि मग बटण दाबा. बंदुकवालाही असेच करतो म्हणतात. त्याहून बरे म्हणजे माणसालाच दिव्याजवळ बसवा.

आता आमची मुले काळी का झाली ते कळेल. समोर सूर्याचा उजेड उदंड होता, म्हणून कॅमेऱ्याने दार थोडेच उघडले. मुलांच्या तोंडावरचा उजेड त्यामानाने कमी पडला. मोबाइलवर असे होत असेल तर पडद्यावर माणसाच्या तोंडावर बोट टेकवा. मग कॅमेरा तोंडाचा हिशेब धरतो, आकाशाचा नाही.

पनवेलच्या फोटोवाल्याने आम्हाला पहिला धडा दिला तो मडक्याचा. "आठ दिवस माणसांचे फोटो काढू नका," तो म्हणाला. "खिडकीजवळ एक मडके ठेवा. सकाळी काढा, दुपारी काढा, दिवे लागायच्या आधी काढा. मडके तेच, जागा तीच." आम्हाला हे पोरकट वाटले. पण केले. दुपारी मडके सपाट थाळीसारखे दिसे. सकाळी एका बाजूने तिरका उजेड आला की त्याचा गोलावा डोळ्यांत भरे, कुंभाराच्या बोटांच्या रेघासुद्धा दिसत. माणसाच्या तोंडाचेही असेच आहे. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो. सकाळी, सायंकाळी किंवा दाराच्या सावलीत चेहरा उजळतो.

दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आणला. त्याआधी त्यांनी फोटोचा धंदा केला होता. चित्रपटाचे तंत्र शिकले तेव्हा त्यांनी राजाराणी घेतली नाही, कुंडीतले वाटाण्याचे रोप घेतले. ते रुजते कसे, वाढते कसे, याची चित्रे ते कितीतरी दिवस काढत राहिले. थोर माणसेसुद्धा मडक्यापासून, रोपापासून सुरुवात करतात ती अशी.

होमाई व्यारावाला या बातम्यांचे फोटो काढणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या बाई. त्या 1913 साली जन्मल्या आणि मुंबईत शिकल्या. त्यांच्या कॅमेऱ्यात एका फिल्मवर बाराच फोटो बसत. तेरावा हवा तर नवी फिल्म घालावी लागे, तोवर प्रसंग निघून जाई! म्हणून आधी डोळ्याने पाहायचे, मग बटण दाबायचे. मोबाइलवर आपण एका बारशाचे दोनशे फोटो काढतो आणि एकही धड पाहत नाही. आठवड्यातून एक दिवस बाराच फोटो काढायचे असे ठरवून पाहा.

आता रोहित पक्ष्यांची गोष्ट. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत हे गुलाबी पक्षी हजारांनी येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जातात. खाडीच्या चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव ते खातात. त्या खाण्यानेच त्यांना गुलाबी रंग चढतो. खाडीचा हा भाग 2015 साली अभयारण्य झाला. लांबलांबून फोटोवाले नेरूळला, ऐरोलीला येतात. गळ्यात हातभर लांबीचे भिंग असते, किंमत बैलजोडीची! तरी नवखा माणूस रिकाम्या हाताने परततो. का? त्याला भरती-ओहोटी ठाऊक नसते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला दूर पांगतात. भरतीला चिखल बुडाला की ते काठाजवळच्या उथळ तळ्यांवर येऊन उभे राहतात. तेव्हा काम सोपे.

हे ज्ञान कोळ्याच्या पोराकडे जन्मतःच असते. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती येते, मग रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. फोटोवाले हे पुस्तकात पाहून शिकतात. दिवाळ्याच्या, सारसोळ्याच्या माणसाला तिथी सांगा, तो वेळ सांगेल. फोटो चांगला यायचा तर ज्याचा फोटो काढायचा त्याची रीत कळावी लागते. शेतकऱ्याला बैल कळतो, कोळ्याला पाणी कळते. अर्धी विद्या तर तुमच्याजवळ आहेच. पक्षी उडतानाचा फोटो हवा म्हणून दगड मारणारे महाभागही आम्ही पाहिले. त्यांना फोटोवाले म्हणू नये.

माणसांचे फोटो काढताना आधी विचारावे. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले. गटारात उतरणारा माणूस, त्याचे घर, त्याची बायकापोरे. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. असे फोटो लांबून चोरून निघत नाहीत. जवळ जावे लागते, बसावे लागते, चहा प्यावा लागतो.

आमच्या भागात हे काम तातडीचे आहे. 1970 साली नवे शहर वसवायला सिडको आली. भातशेती गेली, बरीच मिठागरे गेली. त्या दिवसांचे फोटो गावकऱ्यांकडे फार थोडे. अलीकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, गावे उठली. ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांनी उठण्याआधी घराचे, उंबऱ्याचे, देवळाचे फोटो काढून ठेवले, ते नातवंडांना बोट ठेवून दाखवू शकतात. म्हणून आजच घराबाहेर पडून आपली विहीर, होडी, चूल यांचे फोटो काढा. चांगले निघालेले दोन-चार कागदावर छापून घ्या. मोबाइल पाण्यात पडला की सगळे जाते.

आमच्या साक्षरता वर्गातल्या एका बाईंना आम्ही हा मडक्याचा धडा दिला. आठ दिवसांनी त्यांनी सासूबाईंना दारात बसवले. म्हातारी सुकट निवडत होती. पहिल्या दिवशी मागची दोरीवरची लुगडी डोक्यावर आली. दुसऱ्या दिवशी म्हातारी कॅमेऱ्याकडे पाहून ताठ झाली. पाचव्या दिवशी ती कंटाळली, "काय ते काढ बाई एकदाचं," म्हणून आपल्या कामाला लागली. तो फोटो निघाला! दारातून येणारा सकाळचा उजेड, सुरकुत्या, बोटांत सुकट.

बाईंनी तो छापून आणला. मागे नाव, गाव आणि तारीख घालायची असते हे आम्ही सांगितले होते. आम्ही लिहून देऊ लागलो तर त्यांनी आमच्या हातून पेन घेतले. सासूबाईंचे नाव त्यांनी स्वतः लिहिले. एक काना राहिला होता, तोही मग त्यांनीच दिला.