म्युनिकच्या सभागृहातले शब्द

म्युनिक सुरक्षा परिषद दरवर्षी फेब्रुवारीत बायरिशर होफ या जुन्या हॉटेलात भरते. राष्ट्रप्रमुख, परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री, सेनापती आणि उद्योगपती तीन दिवस एका छपराखाली असतात. तिथे करारांवर सह्या होत नाहीत, ठराव संमत होत नाहीत, शेवटी संयुक्त निवेदनही निघत नाही. भाषणे, त्यानंतरची प्रश्नोत्तरे आणि बंद दाराआडच्या भेटी एवढाच तिचा कारभार. साहजिकच इथे कोण काय बोलले, यालाच सारे महत्त्व असते.

परिषद 1963 मध्ये एवाल्ड फॉन क्लाइस्ट यांनी सुरू केली. 1944 च्या आरंभी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, नवा लष्करी गणवेश दाखवण्याच्या निमित्ताने हिटलरजवळ जाऊन अंगावरच्या स्फोटकांनी त्याच्यासह स्वतःलाही संपवण्याची तयारी त्यांनी दाखवली होती. त्यांनी वडिलांचा सल्ला घेतला, आणि वडिलांनी मुलाला अडवले नाही. तो कार्यक्रम झालाच नाही. मुलगा वाचला; वडिलांना मात्र युद्ध संपायला थोडे दिवस उरले असताना मृत्युदंड झाला. युद्ध पुन्हा पेटू नये म्हणून माणसांनी समोरासमोर बसावे, ही क्लाइस्ट यांची तळमळ अशा अनुभवातून आलेली होती. पहिल्या बैठकीला साठेक निमंत्रित होते. त्यांत पुढे जर्मनीचे चान्सलर झालेले हेल्मुट श्मिट आणि पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर होते. शीतयुद्ध संपेपर्यंत ही मुख्यतः नाटो देशांची घरगुती बैठक राहिली. नंतर पूर्व युरोप, रशिया, चीन आणि भारत तिथे येऊ लागले.

मित्रदेशांतला मतभेदही या सभागृहाने उघड पाहिला आहे. फेब्रुवारी 2003 मध्ये इराकवरील हल्ल्याची तयारी चालू असताना अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड तिथे हजर होते. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री योश्का फिशर भाषणाच्या मध्येच जर्मन सोडून इंग्रजीत बोलू लागले आणि युद्धाची कारणे आपल्याला पटलेली नाहीत, असे त्यांनी तोंडावर सांगितले. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी ते झाले, ती सापडलीच नाहीत.

तरीही सर्वाधिक आठवले जाणारे भाषण 10 फेब्रुवारी 2007 चे, रशियाचे अध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांचे. या परिषदेच्या स्वरूपामुळे गुळमुळीत राजनयिक भाषा टाळता येते, असे सांगूनच त्यांनी सुरुवात केली. एकाच सत्तेच्या वर्चस्वाखालचे जग त्यांनी अमान्य केले आणि नाटोचा पूर्वेकडचा विस्तार म्हणजे चिथावणी आहे, असा आरोप केला. त्याच भाषणात ऊर्जेचाही मुद्दा होता: रशियातील 26 टक्क्यांपर्यंत तेल परकीय भांडवलातून निघते, पण पाश्चात्त्य देशांत रशियन उद्योगांना असा वाव कुठे आहे, असे ते विचारत होते. एक शीतयुद्ध पुरेसे झाले, असे अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स दुसऱ्या दिवशी म्हणाले. पुतिन यांनी मनातले काहीही लपवले नव्हते. ऐकणाऱ्यांनी ते पुरेसे गंभीरपणे घेतले नाही, असेच आज म्हणावे लागते.

ऊर्जेच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. रशियन वायू बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीत आणणाऱ्या दुसऱ्या नॉर्ड स्ट्रीम वाहिनीला अमेरिकेचा विरोध होता. उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी तो 2019 मध्ये म्युनिकमध्ये मांडला. जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर अँगेला मर्केल यांचे उत्तर तर्कशुद्ध होते. रशियन वायूचा रेणू युक्रेनमार्गे आला काय आणि समुद्रातून आला काय, रशियनच राहतो. शिवाय शीतयुद्धातही हा पुरवठा चालू होता. पण वायू युक्रेनमधून जात होता तोवर वाहतूक-शुल्काबरोबरच थोडे संरक्षणही त्या देशाला मिळत होते. त्या तर्कात ही बाजू निसटली. 2021 पर्यंत जर्मनीचा निम्म्याहून अधिक आयात वायू रशियाकडून येत होता.

19 फेब्रुवारी 2022 रोजी, रशियन हल्ल्याचे सावट असताना, युक्रेनचे अध्यक्ष व्होलोदिमिर झेलेन्स्की याच व्यासपीठावर उभे राहिले. अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात 1994 च्या बुडापेस्ट मेमोरँडममध्ये युक्रेनला मिळालेल्या हमीची त्यांनी आठवण करून दिली. बॉम्ब पडल्यावर निर्बंध लादून काय उपयोग, हा त्यांचा प्रश्न होता. 22 तारखेला जर्मनीने नव्या वाहिनीची मंजुरी थांबवली. 24 तारखेला रशियाचे युक्रेनवर आक्रमण झाले. पुढच्या वर्षी रशियन सरकारला निमंत्रणच गेले नाही.

16 फेब्रुवारी 2024 ला पुतिन यांचे विरोधक अलेक्सी नवाल्नी यांच्या तुरुंगातील मृत्यूची बातमी आली तेव्हा त्यांच्या पत्नी युलिया म्युनिकमध्येच होत्या. थोड्याच वेळात त्या मंचावर आल्या. पुतिन आणि त्यांच्या साथीदारांना जाब द्यावाच लागेल, एवढे त्या ठामपणे बोलल्या आणि सभागृह उठून उभे राहिले.

14 फेब्रुवारी 2025 चा दिवस लोकशाहीवरील वादाने गाजला. अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स युक्रेनबद्दल सविस्तर बोलतील अशी अपेक्षा होती. त्याऐवजी त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि रुमानियातील रद्द झालेली निवडणूक यांवरून युरोपलाच धारेवर धरले. हे मान्य नाही, असे जर्मनीचे संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरिउस यांनी त्याच मंचावरून सुनावले. त्याच दिवशीच्या एका चर्चेत भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी नखावर शाई असलेले बोट उंचावून दाखवले. ते नुकतेच दिल्ली विधानसभेसाठी मतदान करून आले होते. लोकशाहीने ताटात अन्न येत नाही, असा मुद्दा अमेरिकन सिनेटर एलिसा स्लॉटकिन यांनी मांडला होता. आपला देश 80 कोटी लोकांना धान्य पुरवतो आणि तो लोकशाही आहे, असे जयशंकर त्यावर म्हणाले.