हजेरीपासून दाखल्यापर्यंत

तारुण्याच्या भरात चोरी-मारामारीकडे वळलेले बहुतेक लोक वयपरत्वे तो मार्ग सोडून देतात, हे गुन्हेगारीच्या अभ्यासकांना देशोदेशी आढळून आले आहे. बॉस्टनमधील 500 बालगुन्हेगारांचा जो अभ्यास ग्लूक दांपत्याने आरंभिला आणि सॅम्पसन व लॉब या संशोधकांनी त्यांच्यापैकी काहींच्या सत्तरीपर्यंत पुढे नेला, त्यात या परिवर्तनामागे केवळ शरीराचा थकवा नव्हे, तर कायमची नोकरी, जिव्हाळ्याचा संसार आणि जुन्या संगतीचा वियोग ही कारणे दिसून आली.

परंतु ज्याच्या जमातीलाच सरकारदप्तरी गुन्हेगार ठरविले गेले, त्याला नोकरी कोणी द्यावी? इंग्रजांनी 1871 साली केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली रद्द झाला. फौजदाराच्या व गावकऱ्यांच्या मनातला संशय मात्र रद्द झाला नाही. अशाच जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे 1987 चे आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्यांचे गाव धनेगाव आज लातूर जिल्ह्यात असले, तरी 1982 च्या विभाजनापूर्वी ते उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातच मोडत असे. ज्या घरात खिसे कापण्याचे शिक्षण मिळे आणि पोलिसांची झडती नित्याची असे, त्या घरातला हा मुलगा शाळेत जाऊ लागला, तेव्हा वस्तीतल्या मुलांच्या आजारपणाचे खापरही त्याच्या शाळेवर फुटले. पुढे तो सूतगिरणीत कामाला लागला आणि कामगारांच्या चळवळीत शिरला. उपदेशाने हे घडले नाही; दुसऱ्या रीतीने जगण्याची वाट प्रत्यक्ष पायाखाली आली, म्हणून घडले, असे मला निश्चयपूर्वक वाटते.

याच धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे गिरीश प्रभुणे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पारधी आदी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभारलेल्या निवासी शाळेचे मोल यातच आहे. आईबापांचे पाल या गावाहून त्या गावी हलले, तरी मुलाचे शिक्षण तुटत नाही. आणि शाळेच्या दाखल्यावर त्याचे नाव व जन्मतारीख लागते, ज्यावाचून पुढची नोकरी किंवा सरकारी सवलत मिळणे दुरापास्त. तथापि, गावात चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर धाड घालण्याची पोलिसांची जुनी वहिवाट बंद झाली पाहिजे; कारण निरपराध मजूर एक रात्र जरी कोठडीत राहिला, तरी त्याची रोजी बुडते आणि ज्या मालकाने त्याला भरवशाने कामावर ठेवले, तोच दुसऱ्या दिवशी त्याला दारात उभा करीत नाही.