पाणबुड्यांची दोन घड्याळे

पाण्याखाली उतरलेल्या माणसाला घड्याळाकडून एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते, ती म्हणजे पाण्यात शिरल्यापासून किती मिनिटे लोटली. पाठीवरील टाकीतील हवा मोजकी असते. शिवाय फार खोल व फार वेळ राहून घाईने वर आल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात व ते प्राणावर बेतू शकते. म्हणूनच 1950 नंतरच्या दशकात पाणबुड्यांसाठी जी खास घड्याळे निघाली, त्यांच्या तबकडीभोवती मिनिटांच्या खुणांचे एक फिरते कडे बसविलेले असे. पाण्यात उतरताना कड्यावरील शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणावयाची. पुढे काटा कड्यावरील ज्या आकड्यासमोर येईल, तितकी मिनिटे झाली असे समजावयाचे.

1980 नंतर हे काम हळूहळू संगणकीय उपकरणांकडे गेले. तथापि त्या काळच्या घड्याळांचे रूप घेतलेली नवी यांत्रिक घड्याळे आजही आवडीने विकत घेतली जातात. त्यांची निवड कशी करावी, हे दोन स्विस घड्याळांच्या तुलनेने स्पष्ट होईल. ट्यूडर कंपनीचे ‘ब्लॅक बे फिफ्टी-एट’ 2018 साली आले. 200 मीटर खोलीपर्यंत टिकणारे त्या कंपनीचे पहिले घड्याळ 1958 सालचे. नव्या घड्याळाच्या नावात त्या वर्षाचे स्मरण आहे. लाँजिन कंपनीचे ‘लेजंड डायव्हर’ हे 1959 सालच्या घड्याळावर बेतलेले असून ते 2007 साली पुन्हा बाजारात आले. त्याची 39 मिलिमीटर व्यासाची आवृत्ती 2023 सालची आहे.

ट्यूडरच्या घड्याळाचा व्यासही तितकाच आहे. दोन्ही घड्याळांना मनगटाच्या हालचालीनेच चावी मिळते. पूर्ण चावी दिल्यावर पहिले सुमारे 70 तास व दुसरे 72 तास चालते. म्हणजे शुक्रवारी रात्री काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालूच असते. दोहोंच्या यंत्राला स्विस कालमापक संस्थेचे प्रमाणपत्र आहे. त्यासाठी यंत्राची सरासरी दैनिक चूक 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढ्या मर्यादेत असावी लागते. खोलीची मर्यादा पहिल्याची 200 व दुसऱ्याची 300 मीटर आहे. परंतु हौशी पाणबुड्यांसाठी 40 मीटर ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. तेव्हा केवळ या आकड्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

खरा भेद आहे तो कड्याच्या जागेत. ट्यूडरचे कडे काचेच्या बाहेर असून ते एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. खडकाचा धक्का लागून ते सरकलेच, तर प्रत्यक्षापेक्षा अधिक मिनिटे झाल्याचे दाखवील. पाणबुड्या वेळेआधी वर येईल, उशिरा नव्हे. चूक होणारच असेल तर ती जीव वाचविणाऱ्या बाजूने व्हावी, असा हा विचार आहे. लाँजिनचे कडे काचेच्या आत आहे. त्याला धक्का लागण्याचा किंवा त्यात वाळू अडकण्याचा संभव नाही. मात्र ते फिरविण्यासाठी दुसरी चावी लागते. ही चावी आटे सोडवूनच फिरवावी लागत असल्यामुळे कडे किनाऱ्यावरच लावून चावी घट्ट बसवावी लागते. शिवाय चावी दुसरी आली की पाणी शिरू शकेल अशी जागाही एक वाढते.

जुनेपणाच्या दाव्याकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. ट्यूडरचा चौकोनी टोकाचा तासकाटा 1958 सालचा नसून 1969 सालच्या घड्याळांवरून आलेला आहे. लाँजिनच्या मूळ घड्याळाचे मागचे झाकण पाण्याच्या वाढत्या दाबाबरोबर अधिक घट्ट बसत असे. नव्यात रूप तेच असले, तरी झाकण साध्या आट्यांचे आहे.

तात्पर्य, ज्याला पाण्यात वेळ मोजावयाचा आहे, त्याने बाहेरचे कडे पसंत करावे. ओल्या बोटांनी ते सहज फिरते की नाही, हे दुकानातच पाहावे. ज्याला जुन्या घड्याळाची गुळगुळीत कडा व मोठी तबकडी आवडते, त्याने दुसरे खुशाल घ्यावे. मात्र कोणतेही घेतले, तरी पाणी अडविणारी आतील रबरी कडी काळाने कडक होते. तिची वेळोवेळी तपासणी झाली नाही, तर 200 किंवा 300 मीटरचा आकडा नुसती शोभाच ठरतो.