पाणी येतं, पण उशिरा

लडाखमध्ये पेरणी एप्रिल-मेमध्ये उरकावीच लागते. उन्हाळा इतका आखूड, की सातू मागास पेरला तर कणसं भरायच्या आत थंडी गाठते. पाऊस वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्या माणदेशात पडतो त्याच्या पाव हिस्साही नाही. सगळी भिस्त डोंगरावरच्या बर्फावर. पण हिमनद्या पाच हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर; त्यांना नीट पाझर फुटेपर्यंत जून उजाडतो. तोवर तहान भागवतो तो हिवाळ्यात खालच्या उतारांवर साचलेला बर्फ. आता तोच बेभरवशाचा झालाय. हिमनदी किती मीटर मागे हटली, यावर आपल्याकडे चर्चा रंगते. वावरात उभ्या माणसाचा प्रश्न मात्र पाणी कधी येणार, हा असतो.

तिथल्या गावांत ‘छुरपोन’ असतो, पाण्याची पाळी सांभाळणारा. धुळ्याकडे पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटकरी असतो, तसाच. फावड्याने पाटाचं तोंड फोडायचं, एक वावर भिजलं की दगड-मातीने बुजवून पुढचं उघडायचं. पाटात पाणीच नसेल तर त्याने वाटायचं काय?

छेवांग नॉर्फेल या सरकारी सिव्हिल इंजिनिअरला उत्तर सापडलं ते पॉप्लरच्या सावलीत. ओढा इतरत्र वाहत होता, पण झाडांखाली संथ झालेलं पाणी गोठलं होतं. मग त्यांनी हिवाळ्यात वाया जाणारं पाणी डोंगराच्या सावलीत वळवलं, दगडी बांध घालून त्याची चाल मंद केली. पाणी थरावर थर गोठत गेलं. हा बर्फ गावाजवळ, कमी उंचीवर. म्हणून ऐन पेरणीत वितळतो. 2015 मध्ये नॉर्फेल यांना पद्मश्री मिळाली. लडाखचेच इंजिनिअर सोनम वांगचुक यांनी 2013-14 च्या हिवाळ्यात हाच बर्फ उभा रचला. उंचावरून पाइपने आणलेलं पाणी स्वतःच्या दाबानेच कारंज्यासारखं उडतं आणि रात्रीच्या थंडीत खाली पडता पडता गोठतं. पंप लागत नाही. शंकूच्या आकारामुळे ऊन खाणारा पृष्ठभाग कमी, म्हणून हा हिमस्तूप वसंतातही तग धरतो.

काठमांडूच्या ‘इसिमोड’ संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या 2011 ते 2020 या काळात आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के अधिक वेगाने झिजल्या. अशा झिजेत काही वर्षं नद्यांना पाणी वाढतंसुद्धा. मुदतठेव मोडली की हातात पैसा खुळखुळतो, तसंच हे. शिवाय वितळलेलं पाणी तळ्यांत तुंबतं: ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीमचं साउथ ल्होनाक तळं फुटलं आणि चुंगथांगचं तीस्ता-3 धरण वाहून गेलं.

इकडे पाण्याची मागणीही वाढते. लेहला पर्यटकांची रीघ लागते, त्यात मराठी मंडळीही कमी नाहीत. जुन्या लडाखी घरांत पाण्याविना चालणारे कोरडे संडास. आपल्याला मात्र फ्लश हवा आणि शॉवरही. त्यासाठी हॉटेलं बोअर मारतात.

हिमस्तूप हुशारीचा उपाय खरा, पण त्याला हिवाळ्यात वाहता ओढा आणि कडक थंडी लागते. झंस्कारमधल्या कुमिक गावाच्या माथ्यावर हिमनदी नव्हती, नुसता साचलेला बर्फ होता. तो घटला, तसा ओढाही रोडावला. गावकऱ्यांनी अखेर खालच्या माळावर नवी घरं बांधायला घेतली.