बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण आणि आपल्या मनातला संशय

5 डिसेंबरच्या रात्री कल्याणहून दादरकडे निघालेल्या लोकलमध्ये बसले की एक विषय हमखास निघतो. चैत्यभूमीला निघालेले कुणी वडीलधारे खालच्या आवाजात म्हणतात, "बाबासाहेब गेले नाहीत, त्यांना घालवलं." डब्यातले चारजण मान हलवतात. लहानपणी आम्हीही हलवली आहे. आता तीच गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, शेवटी 'सर्व ग्रुपवर पाठवा' असे लिहिलेले असते.

माहीत आहे ते आधी पाहू. बाबासाहेबांना अनेक वर्षे मधुमेह होता, पाय साथ देत नव्हते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरची धम्मदीक्षा, नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, तिथून परतताना सारनाथ, असा थकवणारा प्रवास झाला. 5 डिसेंबरच्या रात्रीही ते 'द बुद्धा अँड हिज धम्मा'ची प्रस्तावना पाहत होते. 6 डिसेंबरला दिल्लीत झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय 65. अनुयायांनी चौकशीची मागणी केली, केंद्र सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले.

तरीही मन मानत नाही. का?

मानसशास्त्रज्ञ याचे एक साधे कारण सांगतात. घटना जेवढी मोठी, तेवढेच मोठे कारण मन शोधते. 1979 साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी लोकांना राष्ट्राध्यक्षांवरील गोळीबाराची कल्पित हकिकत वाचायला दिली. राष्ट्राध्यक्ष मेले असे वाचणाऱ्यांना त्यामागे कट असण्याची शक्यता जास्त वाटली, वाचले असे वाचणाऱ्यांना कमी. मारेकरी तोच, गोळी तीच. आपल्या बाबतीत तर दीक्षेला अवघे 53 दिवस झाले होते. लाखोंचा बाप गेला, त्याला कारण म्हणून 'मधुमेह' हा शब्द फार लहान पडतो.

दुसरे कारण असहायतेचे. परिस्थिती हाताबाहेर गेली की माणूस कुठेही जोडणी पाहू लागतो. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या, आज पालघरमध्ये येणाऱ्या गडचिंचले गावात 16 एप्रिल 2020 ला हेच घडले. टाळेबंदी होती, रात्री चोर आणि मुले पळवणारे फिरतात अशी अफवा होती. जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचालकाला ठार मारले. पुढे त्या हत्येलाच धार्मिक कटाचा रंग देण्यात आला. अटक झालेल्यांत एकही मुस्लिम नाही, हे तेव्हाच्या गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले. एका अफवेने तीन जीव घेतले आणि तिच्यातून दुसरी अफवा निघाली.

पण आपला संशय नुसता भाबडेपणा आहे असे कुणी म्हटले तर आम्हाला ते मान्य नाही. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे सांगितले गेले. वस्तीने ते मानले नाही आणि वस्ती बरोबर होती. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, पुढे पोलीस अधिकारी मनोहर कदम यांना न्यायालयाने दोषी ठरवले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फसवले गेले, त्यांनी सरकारी खुलाशावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच चुकीची. फरक पुढच्या पायरीवर पडतो. रमाबाई नगरच्या लोकांनी संशयामागोमाग साक्षी उभ्या केल्या. लोकलमधल्या आपल्या गोष्टीत मात्र साक्ष कधीच येत नाही, 'सगळ्यांना माहीत आहे' एवढेच येते. एकच वाक्य वारंवार ऐकले की ते खरे वाटू लागते, हेही प्रयोगांत दिसले आहे.

आणि डब्यात विरोध करणार कोण? "पुरावा काय?" असे विचारले की पहिला प्रश्न येतो, "तू नक्की आपलाच ना?" कालामसुत्त आपल्याला पाठ असते, पण बहुधा दुसऱ्यांच्या श्रद्धा तपासण्यापुरते.

या गोष्टीची किंमत एका माणसाने मोजली. माई, म्हणजे डॉ. सविता आंबेडकर. 1948 पासून त्यांनी बाबासाहेबांची शुश्रूषा केली आणि संशयाचे बोट त्यांच्याकडेच वळले. त्या डॉक्टर होत्या, जन्माने ब्राह्मण होत्या. गोष्टीला खलनायक हवा होता, तो तयारच मिळाला. चौकशीनंतरही बोट खाली आले नाही. कित्येक वर्षे त्या समाजापासून दूर दिल्लीत राहिल्या. 1990 साली बाबासाहेबांचा मरणोत्तर भारतरत्न किताब त्यांनीच स्वीकारला. 2003 मध्ये त्या गेल्या.

त्यांनी आपली बाजू 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या पुस्तकात मांडली आहे. लोकलमध्ये आम्ही एका काकांना विचारले, हे पुस्तक वाचले का? ते म्हणाले, "नाही. पण ती काय लिहिणार?" येत्या वर्षावासात कल्याण-ठाण्यातल्या एखाद्या विहाराने त्याचे वाचन ठेवले, तर आम्ही त्या काकांना घेऊन येऊ.