मराठी दिसत होते, साठत नव्हते

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची सेवा थांबवली आणि कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात जुने ठरले. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, म्हणून नवे यंत्र घ्यावे लागते. त्यावर जुने फोल्डर उतरवले की मीरा-भाईंदरसारख्या शहरातल्या डीटीपीच्या दुकानात, गाळ्यातल्या छापखान्यात, सोसायटीच्या कार्यालयात एकच तक्रार उठते: पाने जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची फाइल उघडत नाही; वर्डची उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. राग नव्या विंडोजवर निघतो, आणि तो चुकीच्या दारी जातो. नव्या विंडोजने मराठी मजकूर मोडलेला नाही. त्या फाइलींत मराठी मजकूर कधी साठवलाच गेला नव्हता.

नव्वदीच्या दशकाबद्दल फार बोलायला नको. संगणकावर मराठी उमटणे हेच तेव्हा अप्रूप होते, आणि त्यात पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेचा वाटा मोठा, हे ऋण मान्य आहे. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे प्रमाण ठरले, त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना सामाईक क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, आणि विंडोज २००० मध्ये मंगल फाँट व इनस्क्रिप्ट कळफलक मिळू लागला. म्हणजे नवे शतक उजाडले तेव्हा वाट तयार होती. म्हणूनच पुढच्या दशकाचा हिशेब मागायचा.

विंडोज एक्सपीचे ते दशक मीरा-भाईंदरसाठी साधे नव्हते. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. २००१च्या जनगणनेत पाच लाखांवर असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांपुढे गेली. एवढ्या माणसांबरोबर सोसायट्यांचे अहवाल आले, सभांची इतिवृत्ते, प्रचारपत्रके, मंडळांच्या स्मरणिका, स्थानिक साप्ताहिके आली. शहर घडत असतानाचा हा कागद. महाराष्ट्रभर असा मजकूर तेव्हा पेजमेकरमध्ये, श्री-लिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फाँटांत जुळवला जात होता. या फाँटांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचा तुकडा बसवायचा. याच जातीच्या कृतिदेव फाँटमध्ये पडद्यावर ‘का’ दिसतो, तेव्हा फाइलमध्ये ‘डी’ आणि ‘के’ ही दोन इंग्रजी अक्षरे असतात. कोणत्या क्रमांकावर कोणता तुकडा, याचा तक्ता प्रत्येक उत्पादकाने आपापल्या पद्धतीने ठरवला. फाँट नसेल तर मागे उरतात ती नुसती इंग्रजी अक्षरे. कित्येक पॅकेजांसोबत वर रीतसर प्रतीची खूण म्हणून संगणकाला जोडायचे हार्डवेअर लॉकही असे. त्याचा बत्तीस-बिटी ड्रायव्हर चौसष्ट-बिटी विंडोजमध्ये चालत नाही, आणि विंडोज ११ फक्त चौसष्ट-बिटीच आहे. ज्याने पैसे मोजून रीतसर प्रत घेतली, त्याचीच अडचण सर्वांत मोठी झाली. याची चीड यायलाच हवी. पेजमेकरचे तर २००१च्या सातव्या आवृत्तीनंतर पाऊलच पुढे पडले नाही. त्याला युनिकोड कधीच कळले नाही. अडोबीच्या इनडिझाइनने या फाइली २०१२च्या सीएस ६ पर्यंत उघडल्या, पुढे तेही दार बंद केले.

यावर कोणी म्हणेल, पीडीएफ ठेवली असती तर प्रश्नच नव्हता. पीडीएफ उघडते, कारण फाँट तिच्या पोटात असतो. पण तिच्यात ‘ठराव’ हा शब्द शोधून पाहा, सापडत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा तोच चिवडा. लिब्रेऑफिस २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडते, हेही खरे. त्यातून पानाची मांडणी हाती लागते, मराठी लागत नाही. मग कन्व्हर्टर? त्यांचा उपयोग आहे, आणि ज्यांनी ते फुकट उपलब्ध करून दिले त्यांचे उपकारही आहेत. पण या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकला जातो. त्यांची जागा बदलताना जोडाक्षरे बिघडतात, आणि मजकुरात खरे इंग्रजी शब्द असतील तर त्यांचेही देवनागरीत कडबोळे होते. पाचशे पानांची स्मरणिका अशी बदलायची, तर ती नव्याने वाचावीच लागते. त्या वाचणाऱ्याचा पगार कोण देणार?

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: युनिकोड आले तरी छपाईची सॉफ्टवेअरे तयार नव्हती, मग छापखानेवाल्याने काय करायचे? त्याने काहीच करायला नको होते. त्याला उद्या सकाळी पत्रक द्यायचे होते. जबाबदारी होती ती फाँट विकणाऱ्यांची आणि ते घाऊक विकत घेणाऱ्या सरकारी कार्यालयांची. अक्षरांचा तक्ता उघड केल्याशिवाय खरेदी नाही, एवढी एक अट निविदेत घातली असती, तरी फाँटचे सौंदर्य आणि नफा दोन्ही उत्पादकाकडेच राहिले असते आणि मजकूर लिहिणाऱ्याकडे राहिला असता. ही अट आजही घालता येते. बंद केलेल्या प्रत्येक मराठी फाँटचा तक्ता त्याच्या उत्पादकाने जाहीर करावा, लॉक तपासण्याची सक्ती उठवावी, आणि मराठीच्या नावाने अनुदान घेणाऱ्या संस्थांनी त्यावरून बदललेला मजकूर तपासणाऱ्या माणसांना मजुरी द्यावी. जुन्या यंत्रांच्या हार्ड डिस्क अजून फिरत आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.