चॉकलेट, मुली आणि डेरीची पाच पोरं

सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंडमधलं डेरी शहर जगाला माहीत झालं ते गोळीबारामुळे. ३० जानेवारी १९७२ रोजी तिथल्या बॉगसाइड वस्तीत ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी १३ माणसं गेली. याच शहरातल्या पाच पोरांनी ‘द अंडरटोन्स’ हा बँड काढला. गायक फर्गल शार्की, गिटारवर जॉन आणि डेमियन ओ’नील हे भाऊ, बेसवर मायकेल ब्रॅडली, ड्रमवर बिली डोहर्टी. पंकचा वेग, पण चाल अशी की सहज ओठांवर बसावी. विषय मात्र बंदुकीचा नव्हता, मुलींचा होता.

१९७८ मध्ये बेलफास्टच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ या छोट्या कंपनीने त्यांचं ‘टीनेज किक्स’ काढलं. बीबीसीच्या जॉन पील यांनी ते लागोपाठ दोनदा वाजवलं आणि पोरांचं नशीब फळफळलं. ‘सायर’ कंपनीशी करार झाला, १९७९ मध्ये पहिला अल्बम आला.

खरी कसोटी दुसऱ्याची. पहिल्या अल्बमला वर्षानुवर्षं साठलेली गाणी असतात. दुसरा दौऱ्यांच्या धावपळीत उभा करावा लागतो. एप्रिल १९८० मध्ये आलेल्या ‘हिप्नोटाइज्ड’ने या अडचणीचीच थट्टा केली. पहिल्याच गाण्याचं नाव ‘मोअर साँग्ज अबाउट चॉकलेट अँड गर्ल्स’: पुन्हा तोच माल, घ्या! नावातला टोमणा सायरच्याच ‘टॉकिंग हेड्स’ या बँडला होता, आणि तोही त्यांच्या दुसऱ्या अल्बमच्या नावावरून.

गंमत अशी की माल तोच राहिला नाही. ‘माय परफेक्ट कझिन’मधला हुशार, सर्वांचा लाडका केव्हिन म्हणजे ‘बघ, तो कसा शिकतो’ म्हणून आपल्याकडेही ज्याचे दाखले दिले जातात, तो भाऊ. हे गाणं ब्रिटनच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेलं. ‘वेन्सडे वीक’ संथ, हळवं, ते अकरावं. ‘ड्रिफ्टर्स’ या गटाचं ‘अंडर द बोर्डवॉक’ही त्यांनी बेधडक गायलं. निर्माते रॉजर बेकिरियन यांनी गिटारींची धार राखली. अल्बम सहाव्या क्रमांकावर पोचला.

‘शहर पेटलंय आणि तुम्ही चॉकलेटवर गाता?’ हा आक्षेप वरवरचा आहे. डेरीतल्या पोरांनाही भावाचा हेवा वाटतो, प्रेमभंग होतो. बातम्यांत ते येत नाही, एवढंच. पुढच्याच वर्षी, उत्तर आयर्लंडमधल्या कैद्यांच्या उपोषणांच्या काळात, ‘इट्स गोइंग टू हॅपन’मधून त्यांनी राजकारणालाही हात घातला. म्हणजे बोलता येत होतं. ‘हिप्नोटाइज्ड’मध्ये कशावर बोलायचं, ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं.